रिलीव्हर आल्याशिवाय

मला मोबाइलच्या गेममध्ये हरवायला कधी कुणाला कष्ट पडले नाय. माझी टीम म्हणजे सहाच्या सहा आग ओकणारी जनावरं. पहिलं यायचं, आग ओकायचं. दुसरं यायचं, तेच करायचं. मग समोरून एक पाण्यातला फुगलेला बेडूक यायचा आणि सगळ्यांना विझवून जायचा. बोईसरजवळ सरावलीच्या आमच्या चाळीत कुणी मोठी मॅच हरला की माझ्याशी एक खेळायला यायचा, जीव हलका करायला. मी पण कुणाला नाय बोललो नाय. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतो, असं वाटायचं.

अशा माणसाकडे मामा गेम शिकायला आला. यावरूनच समजा, मामाला गेममधलं किती कळत होतं.

मामा म्हणजे माझा मामा नाय, सगळ्या चाळीचा मामा. चाळ त्याची. मोरीला लागून असलेली शेवटची खोली माझी होती, कारण ती दुसऱ्या कुणी घेतली नसती. आणि तारापूरच्या ज्या केमिकल कारखान्यात मी हेल्पर, तिथेच मामा ऑपरेटर. म्हणजे घरी पण साहेब, कामावर पण साहेब. मी बायको केली नाय त्याचं हेच कारण, आणखी एक साहेब ठेवायला जागा नव्हती.

मामाचं काम बसायचं होतं. कारखान्यात रिअ‍ॅक्टर असतो. मोठं बंद पातेलं समजा. आत काय शिजतं ते मला कधी कळलं नाय. मामा बोलायचा, "तुला नाय कळत तेच बरं हाय, नाय तर हात लावशील." त्या पातेल्याच्या गेजवर डोळा ठेवून बसायचं. काटा वर चढला तर पाणी सोडायचं, खाली आला तर वाफ सोडायची. आणि नियम एकच, दुसरा ऑपरेटर येऊन चार्ज घेत नाय तोपर्यंत पहिल्याने खुर्ची सोडायची नाय. तो जो दुसरा येतो, त्याला रिलीव्हर बोलतात. तो आला नाय तर तुमची शिफ्ट संपली तरी संपली नाय. घरी आग लागो नाय तर लगीन असो, बसून राहायचं.

हा नियम सगळ्या कारखान्यांत हाय. पण बाकीच्यांचा नियम गेटपर्यंत. मामाने तो घरी आणला.

नाक्यावरचा चहावाला लघवीला गेला की मामा त्याच्या स्टोव्हसमोर उभा राहायचा. कुणी सांगितलेलं नसायचं. चहावाला आला की मामा बोलायचा, "दूध वर येतंय, आच कमी केली हाय," आणि मगच तिथून हलायचा. गल्लीत कुणी गेलं तर मयताजवळ जाऊन बसायचा, आणि दुसरं कुणीतरी मांडी घालून बसल्याशिवाय उठायचा नाय. एकदा एका म्हातारीजवळ मामा बसला आणि नातेवाईक सगळे बाहेर, तिरडी कोण बांधणार यावर तंडत राहिले. बिचारा मामा आत एकटा. मी दारातून बोललो, "मामा, चला, चहा आलाय." तर मामा बोलला, "तू बस इथे, मग जातो." मला मयताची भीती वाटते. मी चहा पिऊन टाकला. दोघांचा.

केळव्याची गोष्ट तर सगळ्या सरावलीला म्हाईत हाय. सुट्टीच्या दिवशी चाळीतले आमी सगळे टेम्पो करून केळव्याच्या बीचवर गेलो. मामा सुरूच्या झाडाखाली बसला होता. मुंबईचं एक कुटुंब आलं, पिशव्या ठेवल्या, चपला काढल्या, आणि बाई बोलली, "काका, जरा बघा हां, आम्ही आलोच." ती मुंबईची माणसं. त्यांचं आलोच म्हणजे काय ते मामाला कोण सांगणार? ती पोहली. मग घोड्यावर बसली. मग कुठे वाडीत जेवायला गेली. आमचा टेम्पो निघायची वेळ झाली. मामी बोलली, "अहो, त्या नारळवाल्याला सांगा बघायला आणि चला." मामा बोलला, "त्याने चार्ज घेतला नाय. तो नारळ फोडतोय, त्याचं लक्ष कुठे हाय?" टेम्पो निघाला. मामा चपलांजवळ बसून राहिला. ती माणसं ऊन उतरल्यावर आली आणि बोलली, "अरे काका, तुम्ही अजून इथेच?" आणि त्याला वेफर्सचं पाकीट दिलं. ते पाकीट मामाने न फोडता सरावलीला आणलं आणि मला दिलं. मामाच्या तपश्चर्येत माझा वाटा नेहमी असाच असायचा, खाण्यापुरता.

आमी हसायचो. मामी हसायची नाय.

मामाला एक पोरगा हाय. मी चाळीत आलो तेव्हा तो बडोद्याला नोकरीला लागलेला होता. बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते. मला वाटलं जमिनीवरनं असंल, नाय तर पोरीवरनं. एक दिवस मामी ओट्यावर बोंबील साफ करत बसली होती, मी मांजरासारखा बाजूला. तेव्हा तिने सांगितलं.

पोरगा बारावीला होता. परीक्षेच्या सकाळी मामीच्या पोटात कळ आली. अपेंडिक्स. मामा रात्रपाळीला, सकाळी सुटायचा. पण त्याचा रिलीव्हर आला नाय. पोरगा सायकल मारत कारखान्याच्या गेटवर गेला. वॉचमनने आत फोन लावला. मामाने आतून निरोप पाठवला, काटा चढतोय, रिलीव्हर आल्याशिवाय सुटता येत नाय, तू तिला रिक्षाने घेऊन जा. पोराने आईला रिक्षात घातली, बोईसरला हॉस्पिटलात नेली, कागदावर सही केली. पेपर गेला. मामा दुपारी आला, डबा हातात, अंगावर कारखान्याचा ड्रेस तसाच. तेव्हा पोराने बापाला एकच विचारलं, "आला का रिलीव्हर?" त्यानंतर दोघांमध्ये जे काय बोलणं झालं ते मामीच्या मार्फत.

"पण तुमी तर बऱ्या झालात ना मामी," मी बोललो.

"तेच तर," मामी बोलली. "मी मेले असते तर दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडले असते आणि मोकळे झाले असते. मी जगले, म्हणून भांडण राहिलं."

आणि बोंबलाचं डोकं कापून माझ्याकडे, म्हणजे मांजराकडे, फेकलं.

पोरगा दर रविवारी आईला फोन करायचा. मामा त्या वेळेला टीव्ही बघत असायचा. फोन वाजला की टीव्हीचा आवाज कमी करायचा, पण नजर टीव्हीवरच. मामी बोलायची, "जेवलास? ... हे? हे काय, इथेच आहेत ... नाय, बरे आहेत." मामा मुक्या टीव्हीकडे बघत बसायचा. पोरगा दिवाळीला घरी यायचा तो मामाची शिफ्ट बघून. मामा कामावर असताना यायचा, कंपनीची बस सुटायच्या आधी निघून जायचा. मामीला वाटायचं मामाला कळत नाय. मला म्हाईत होतं, कारण मी कामावर त्याच्या बाजूला असायचो. दिवाळीत मामा दुसऱ्यांच्या डबल ड्यूट्या मागून घ्यायचा. एकजण बोलला पण, "मामा, सणाचं घरी जा की." मामा बोलला, "घरी पोरगा आलाय. राहू दे त्याला जरा."

आता गेम. मामीने एका रविवारी फोन ठेवला आणि कौतुकाने बोलली, "तो काय जनावरांच्या झुंजीचा गेम खेळतो मोबाइलवर, त्यात म्हणे लय वर नंबर हाय त्याचा. बोईसर बॉय असं नाव घेतलंय त्यात." मामाने टीव्हीचा आवाज परत वाढवला नाय. थोड्या वेळाने माझ्या दारात आला आणि मोबाइल पुढे केला.

"ते जनावरांचं शिकव."

मला जेवढं येत होतं तेवढं मी शिकवलं. चहा निवायच्या आत संपलं. सहा जनावरं घ्यायची. कोण आगीचं, कोण पाण्याचं, कोण झाडाचं, कोण दगडाचं. पाणी आगीला मारतं, झाड पाण्याला मारतं, असं सगळं. एका वेळी एकच मैदानात. प्रत्येक चालीला दोघांनी ठरवायचं, मारायचं, का ढाल उचलायची, का आपलं जनावर मागे घेऊन दुसरं आत पाठवायचं. आत येणाऱ्याला मात्र येता येता समोरच्याचा फटका खावा लागतो. ज्याची सहाही पडली तो हरला. प्रत्येक चालीला घड्याळ असतं, आणि सगळ्या मॅचला पण. जिंकत गेलं की नंबर वर चढतो, आणि गेम तुमच्या नंबराच्या आसपासचा माणूस तुमच्यासमोर आणतो.

"म्हणजे त्याच्या नंबरापर्यंत गेलो तर तो समोर येणार?" मामाने विचारलं.

"कधीतरी येईलच. पण एवढं कशाला, मामा? सरळ त्याला रिक्वेस्ट पाठवा ना. बटण हाय."

"रिक्वेस्टीला नको बोलायचं बटण असतं ना?"

"असतं."

"मग नको. नंबराच्या मॅचमधून उठून गेलं तर काय होतं?"

"उठून गेला तो हरला. नंबर पडतो."

"मग बसंल," मामा बोलला. "नंबरासाठी तरी बसंल."

हा असा मामाचा हिशोब. बाकीचे जिंकायला टीम बांधतात. मामाने टीम बांधली ती मॅच लांबवायला. पोरगा समोर आला की त्याने जास्तीत जास्त वेळ समोर बसावं, एवढ्यासाठी. मला पहिल्यांदा ते समजलं नाय. मी त्याला माझी आगीची जनावरं दाखवली. मामा बोलला, "ही सगळी मारणारी हायत. येणारा कोण हाय यांच्यात?"

"येणारा म्हणजे?"

"एक दमला की त्याच्या जागी कोण येतो? टीम म्हणजे कोण मारतो ते नाय रे येड्या. टीम म्हणजे कोण येतो."

तेव्हा मला कळलं की माझी टीम म्हणजे सहा नवरदेव होते आणि वऱ्हाडात कोण नव्हतं.

मामाने जनावरं निवडली ती कारखान्यात माणसं भरावी तशी. एक आगीचं जाडं कासव, त्याचं नाव बॉयलर. पाण्याचं एक पिंप, त्याचं नाव टाकी. दगडाचा एक ठोकळा, तो हलायचा नाय, तो गेटमन. एक झाडाचं, दुसऱ्यांना बरं करणारं, तो चहावाला. एक नुसता ढाल धरून उभा राहणारा, तो सेफ्टी. आणि सहावा एक करड्या रंगाचा पतंग, दिव्याभोवती फिरतो तसला. मारायला गेला तर समोरच्याला गुदगुल्या व्हाव्यात असा. पण त्याला एक विद्या येत होती. फटका मारता मारता तो स्वतःच मैदान सोडतो आणि आपल्या जागी दुसऱ्याला आत आणतो. मामाने त्याचं नाव ठेवलं रिलीव्हर.

त्या एका पतंगासाठी मामाने काय काय केलं. गेममध्ये एकाच जातीची जनावरं पण एकसारखी नसतात. कुणी चपळ, कुणी ताकदीचं, कुणी मंद. पोरं चपळ ठेवतात आणि मंद सोडून देतात. मामा उलटा. रोज नवीन पतंग पकडायचा, अंगठ्याने चष्मा वर करून त्याचे गुण वाचायचा, आणि बोलायचा, "हा उतावळा हाय. हा नको." कामावर जाताना बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, न्हाव्याकडे. मी विचारलं, "मामा, मंदच कशाला पाहिजे?" मामा बोलला, "चपळ असला तर आधीच जागा सोडतो, मग समोरच्याचा फटका कुणाला बसतो? नवीन आलेल्याला. मंद असला तर आधी फटका स्वतः खातो, मग जागा सोडतो. मग जो आत येतो त्याच्या अंगावर एक ओरखडा नाय."

"मग मलाच घ्या की मामा. माझ्याहून मंद कुठे गावणार?"

"तू फटका खाशील," मामा बोलला, "पण जागा सोडायची विसरशील."

शेवटी मिळाला एकदाचा. सगळ्यात मंद, सगळ्यात चिवट. त्या दिवशी मामाने चाळीला भजी दिली.

मामा खेळायला बसायचा तो पण ड्यूटीला बसल्यासारखा. पाय जमिनीला टेकवून, पाठ ताठ. जनावर बदललं की तोंडाने बोलायचा, "चार्ज दिला." आत आलेल्याच्या वतीने पण तोच बोलायचा, "चार्ज घेतला." शेजारच्या खोलीत एक वेल्डर राहायचा, यूपीतल्या बलियाचा. तो डोकं धरायचा आणि बोलायचा, "चाचा मैच नहीं खेलते, ड्यूटी करते हैं." मामाशी खेळणं म्हणजे भिंतीशी भांडणं. मारलं की तो बदलणार, विष टाकलं की बरं करणार, पुन्हा ढाल, पुन्हा बदल. समोरचे अर्ध्यातून पळायचे. पळून गेले की मामा जिंकायचा आणि तोंड पाडून बसायचा. "गेला रे," बोलायचा. "एवढ्यात गेला."

पण असं किती चढणार? एका ठिकाणी मामाचा नंबर अडला. वरचे लोक हुशार. तिथे एक गोष्ट सगळे करतात, दमलेल्या जनावराला मुद्दाम मरू देतात. कारण एक मेला की दुसरा न मार खाता आत येतो. फुकटात जागा मिळते. मी मामाला ते सांगितलं. वाटलं, पहिल्यांदाच कायतरी शहाणपणाचं बोललो.

मामाने माझ्याकडे असं बघितलं, जसा काय मी व्हॉल्व्ह उलटा फिरवलाय.

"पोस्टवर माणूस मरू द्यायचा?"

"माणूस नाय मामा, कासव हाय."

मामा त्या दिवशी सबंध शिफ्ट माझ्याशी बोलला नाय. मला बरंच वाटलं, मी एक झोप काढली. पण उठलो तर तो अजून तसाच बसलेला. मग हळूच बोलला, "त्याला वेळेवर बदली मिळत नाय म्हणून तो मरतो. माझंच चुकतंय." आणि त्याने टीम पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतली. कोण कुणानंतर येणार, कुणाला कुठला फटका सोसतो, कोण किती दमल्यावर उठवायचा. जनावरं तीच, पण सगळ्यांच्या विद्या बदलल्या. पावसाळा गेला त्यात. नंबर पडला, मग परत चढायला लागला. एकालाही मुद्दाम मरू न देता चढला. मला तर आपला केळव्याचा वेफर्सचा पुडा आठवत होता.

पोराच्या नंबराजवळ आला तेव्हा माझ्या डोक्यात आणखी एक आलं. गेममध्ये जनावरांना ठेवलेली नावं समोरच्याला पण दिसतात. आणि मामाचं स्वतःचं नाव मी लावून दिलेलं, ऑपरेटर. मी बोललो, "मामा, नावं बदला. पोरगा रिलीव्हर वाचील, ओळखील, आणि उठून जाईल. नंबर गेला तरी जाईल."

मामी पण आतून बोलली, "बदला की हो. कायतरी फुलाबिलांची ठेवा."

मामाने सहाही नावं एकदा वरून खालपर्यंत वाचली.

"गेला तर गेला," बोलला. "पण खोटं नाव लावून पोरासमोर नाय जायचं."

त्यानंतरचे रविवार आमचे कसे गेले ते मला विचारू नका. पोरगा आईला फोन करून झाला की खेळायला बसायचा, हे मामीने काढून घेतलेलं. फोन ठेवला की मामा बसायचा. समोर कोण यायचं? कोण मद्रासकडचा, कोण कुठल्या परदेशातला, ज्याचं नाव मला वाचता यायचं नाय. मला तसं मराठी पण अडखळतच वाचता येतं. मामा प्रत्येकाशी पूर्ण मॅच खेळायचा. मी बोलायचो, सोडा ना, पुढचा बघू. तर बोलायचा, "तो पण बसलाय ना समोर."

तो रविवार आमच्या दुसऱ्या पाळीचा होता. म्हणजे दुपारी बस यायची. मामाने ड्रेस घातला होता, डबा भरून दाराशी ठेवला होता. मी बुटाची लेस बांधत होतो, म्हणजे मामी बांधून देत होती, कारण माझ्या गाठी सुटायच्या. मामा पाय टेकवून बसला होता. एक मॅच बसच्या आधी होईल असा अंदाज. आणि मामाचा हात थांबला.

"आला," बोलला.

मी वाकून बघितलं. बोईसर बॉय. एवढं मला वाचता आलं.

मामी उठली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. पुढे आली नाय.

पोरगा खेळायला वाघ. पहिल्या चालीला त्याने विजेचा एक लांडगा आणला आणि टाकीला असा फटका मारला की मीच मागे सरलो. मामाने टाकीला मागे घेतलं, गेटमन आला. "चार्ज दिला. चार्ज घेतला." पोरगा पटापट चालायचा, विचार करायचाच नाय, इकडे मामाचा अंगठा उठेपर्यंत त्याची चाल ठरलेली. दोन चाली, तीन चाली. अजून रिलीव्हर आत आला नव्हता.

नाक्यावर बसचा हॉर्न वाजला.

"मामा, बस."

मामा हलला नाय.

"मामा, उमरोळीवाले भाऊ पहिल्या पाळीला पोस्टवर हायत. तुमी त्यांचे रिलीव्हर. तुमी नाय गेलात तर त्यांना सुटता येणार नाय."

हे मी मामाला सांगत होतो. मामाने ज्याला आयुष्यभर हेच सांगितलं, त्याने. बस परत वाजली. मामाने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. त्या माणसाला मी इतकी वर्षं बघत होतो, पण तसं तोंड मी बघितलं नव्हतं. चोरी करताना पकडलेल्या माणसाचं असतं तसं.

"तू जा," बोलला.

"आणि भाऊंना काय सांगू?"

"जा बोललो ना."

मी डबा उचलला आणि पळालो. बुटाची एक लेस तशीच सुटलेली. दारातून बाहेर पडताना मामाचा आवाज ऐकू आला, "चार्ज दिला." मग थोडं थांबून, "रिलीव्हर, जा बाबा."

बसमध्ये ड्रायव्हरला बोललो मामाचं पोट बिघडलंय. कंट्रोल रूममध्ये गेलो तर उमरोळीवाले भाऊ तयार होऊन बसलेले. त्यांच्या पुतण्याची हळद होती संध्याकाळी. अंगावर नवा शर्ट, केस ओले करून विंचरलेले, पिशवी मांडीवर. मला एकट्याला बघून बोलले, "मामा कुठे हाय?"

मी पोटाचं सांगायला तोंड उघडलं. पण भाऊ माझ्याकडे सरळ बघत होते, आणि मला दिवसाला एकच खोटं जमतं, ते मी ड्रायव्हरवर खर्च केलेलं.

"मामा गेम खेळतायत."

"काय खेळतायत?"

"गेम. मोबाइलवर."

भाऊंचा रंग बदलला. "मामा? मामा ड्यूटी सोडून गेम खेळतोय? तुला मस्करी करायला मीच भेटलो?"

"पोराबरोबर खेळतायत," मी बोललो.

कारखान्यात ती गोष्ट सगळ्यांना म्हाईत होती. परीक्षेची, रिक्षाची, सगळी. भाऊंनी गेज बघितले. मग उठले. मला वाटलं आता फोन करतात सुपरवायझरला. त्यांनी नवा शर्ट काढला, झटकून खिळ्याला लावला, आणि कारखान्याचा ड्रेस परत चढवला. बटणं लावत बोलले, "किती वेळ चालतं मामाचं?"

"मामाचं लय चालतं, भाऊ."

"चालू दे," भाऊ बोलले आणि खुर्चीत बसले. "चहा सांग दोन. साखर जास्त."

चहा झाला. आणखी एक झाला. भाऊंना घरून फोन आला, त्यांनी "निघतोय, निघतोय" बोलून ठेवला. मी फरशी पुसली, तीच फरशी परत पुसली. मग बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला.

मामा दारात उभा राहिला. पायात घरातल्याच चपला. भाऊंच्या समोर हात जोडायला गेला, पण हातात मोबाइल होता.

"उशीर झाला," बोलला.

"झाला तर झाला," भाऊ बोलले. आणि रोजच्यासारखं सगळं सांगितलं, तापमान किती, प्रेशर किती, पाण्याचा पंप कुठला चालू. मामाने एकेक ऐकून घेतलं, गेज बघितले. भाऊंनी खिळ्यावरचा शर्ट घेतला आणि गेले. मामाला एक शब्द विचारला नाय.

मामा खुर्चीत बसला. पाय टेकवले. पण पाठ ताठ नव्हती. मी दाराजवळ उकिडवा बसलो. मला गप्प बसायची सवय नाय, तरी जितका बसवेल तितका बसलो.

"जिंकलात?"

"हरलो."

"ओळखलं त्याने?"

"रिलीव्हर आत आला तेव्हा ओळखलं असंल. त्यानंतर जरा थांबला. मला वाटलं गेला." मामाने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नाय गेला. मारायला लागला. लय मारलं. एकेक करून सगळे गेले माझे. मी बदली देत होतो, वेळेवर देत होतो, पण तो हुशार झालाय. शेवटी रिलीव्हर एकटा उरला. त्याच्या जागी यायला कोण नव्हतं."

"मग?"

"मग तो मारीना."

"कोण?"

"तोच. त्याचा लांडगा समोर उभा. एका फटक्यात काम झालं असतं. पण प्रत्येक चालीला घड्याळ पूर्ण संपेपर्यंत थांबायचा, आणि अगदी शेवटी ढाल उचलायचा. मारायचा नाय. परत थांबायचा, परत ढाल. गेमचाच वेळ संपला मग. ज्याची जास्त उरली तो जिंकला."

मी माझं डोकं चालवलं, जेवढं हाय तेवढं. "विचार करत असंल, मामा. तुमच्या टीमला घाबरला असंल."

मामाची नजर काट्यावर होती. काटा जागच्या जागी होता.

"विचार करण्यासारखं काय उरलं नव्हतं," मामा बोलला. "जिंकलेली मॅच होती त्याची. नुसता बसला होता."